वरची कड

बाबांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्या मंगळवारी संध्याकाळी मी हॉलवर गेले. एरवी मी तिथे जात नसे. चौदा वर्षांत पाचसहा वेळा गेले असेन, तेही दारापर्यंत.

टेबल टेनिसच्या हॉलमध्ये खिडक्या बंद असतात आणि पंखेही बंद असतात, कारण वाऱ्याने बॉल हलतो. जिना चढतानाच रबराचा आणि घामाचा वास आला, आणि सहा टेबलांवरचा तो आवाज. बाळ असताना मी याच आवाजात झोपायचे, असं आई सांगते. दारात एक माणूस ओणवा होऊन बुटाची नाडी बांधत होता. मला वाट द्यायला तो डावीकडे सरकला, मीही नेमकी तिकडेच वळले. मग दोघं उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

"तुम्ही आधी ठरवा," तो म्हणाला. "तुम्ही जाल तिथे मी जाणार नाही, वचन देतो."

"मला आत जायचंय."

"तुमचा चष्मा वाकडा आहे."

मी नुसती पाहत राहिले. ओळख ना पाळख.

"डावीकडून खाली उतरलाय. म्हणजे तुम्ही डाव्या कुशीवर आडवं पडून वाचता… बराच वेळ."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं. वाकडं दिसलं की राहवत नाही." त्याने माझ्या चेहऱ्याकडे जरा नीट पाहिलं. "आणि तुम्ही सरांची मुलगी."

"हेही चष्म्यावरून?"

"नाही. सर रागावले की त्यांचंही नाक असंच वर जातं."

हे ऐकून नाक खाली आणणं शक्य नव्हतं. मी तशीच आत गेले.

आतून बाबांचा आवाज आला, "चष्मेवाल्या, गप्पा पुरे. तुझा बॅकहँड वाट बघतोय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला. त्याबरोबर नेहमीचा प्रश्न आला.

"एक गेम खेळतेस?"

"मला काम आहे."

"बरं."

दर वेळी ते विचारायचे, दर वेळी मी नाही म्हणायचे, दर वेळी ते 'बरं' म्हणायचे. त्या दिवशी यापेक्षा वेगळं काहीही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, खेळाडू यायच्या आधी टेबलं पुसताना बाबा खाली बसले आणि उठले नाहीत.

त्यानंतर घरी माणसं येऊ लागली. तीस वर्षांत जमलेली शिष्यमंडळी. ती येत, आईच्या पाया पडत, आणि मग माझ्यासमोर बसून मला माझ्याच वडिलांबद्दल सांगत. सरांमुळे माझं व्यसन सुटलं. सर माझ्या आजारपणात रोज दवाखान्यात यायचे. सर म्हणायचे, रॅकेट आपटलीस ना, आता आठवडाभर नुसते बॉल उचल. एक बाई तर रडत म्हणाली, "सर मला वडिलांसारखे होते." मी तिला पाणी दिलं. मला विचारायचं होतं, वडिलांसारखे म्हणजे कसे हो? कारण आमच्याकडे ते रात्री जेवायला येत तेव्हा त्यांच्यात बोलायचंही त्राण नसे, आणि हॉलमध्ये मी त्यांना बाबा म्हटलं तर म्हणत, "इथे सर."

मला रडू येत नव्हतं, राग येत होता. आल्यागेल्यांचा, त्यांच्या गहिवराचा, आणि सगळ्यांत जास्त त्या एका तत्त्वाचा, जे प्रत्येकाला तोंडपाठ होतं. कड लागली तर आपण सांगायचं.

खेळ न येणाऱ्यांसाठी सांगते. समोरच्याने मारलेला बॉल तुमच्या टेबलाच्या वरच्या कडेला निसटता लागला, तर गुण त्याचा. टेबलाच्या बाजूला, म्हणजे खालच्या उभ्या पट्टीला लागला, तर गुण तुमचा. फरक केसाएवढा. पंचाला कित्येकदा दिसत नाही, खेळणाऱ्याला बहुधा कळतं. बाबांच्या हॉलमध्ये नियम असा, की पंचाला दिसो न दिसो, आपल्याविरुद्ध जाणारी कड आपणच हात वर करून सांगायची.

मी सतरा वर्षांची होते. निवड चाचणीचा शेवटचा सामना, पाचवा गेम, माझ्या बाजूने दहा-नऊ. समोरच्या मुलीने जोरात मारलं, बॉल माझ्या कोपराजवळून गेला आणि पंचांनी गुण मला दिला. मी जिंकले. मी संघात होते. आणि कोचच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या वडिलांनी हात वर केला आणि सांगितलं, "कड लागली." स्वतःच्याच खेळाडूविरुद्ध कोच बोलतोय म्हटल्यावर पंचांनी मला काही विचारायचं कारणच उरलं नाही. दहा-दहा. मग मी बारा-दहा हरले. पुन्हा रॅकेट हातात धरली नाही, आणि तेव्हापासून विचारील त्याला सांगत आले, की बॉल बाजूला लागला होता.

तीन आठवड्यांनी चष्मेवाला माझ्या ऑफिसात आला. मी शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात मुद्रितशोधक आहे. जेवणाच्या सुट्टीत तो टेबलासमोर उभा राहिला, हातात कागदांची चळत.

"क्लबने ठरवलंय, सरांच्या तत्त्वांची छोटी पुस्तिका काढायची. खेळातून माणूस कसा घडतो, वगैरे. लिहायचं माझ्यावर आलं. बाकीचे पळाले."

"तुम्ही नाही पळालात?"

"मी नाडी बांधत होतो."

मी हसले नाही, पण त्यासाठी मला प्रयत्न करावा लागतोय हे त्याला दिसलं असावं.

"तुमच्या आई म्हणाल्या, तुम्ही चुका शोधता."

"दुसऱ्यांच्या. पगार घेऊन."

"मग यात भरपूर सापडतील," असं म्हणून त्याने चळत माझ्यासमोर ठेवली.

मी लाल पेन उघडलं. पहिल्याच ओळीत 'थोर' होतं, ते काढलं.

"थोर होते ते," तो म्हणाला.

"उंच होते. 'दीपस्तंभ' कशाला? आमचं घर काय समुद्रकाठी होतं? आणि हे, 'सरांनी आम्हाला घडवलं.' तुम्ही काय मडकी आहात?"

"एक दोन आहेत क्लबमध्ये." तो वाकून पाहत होता. "तुम्ही फार रागावलेल्या आहात."

"मी मुद्रित तपासतेय."

"हो, कागदाला भोक पडलंय."

त्यानंतर तो दर दोनतीन दिवसांनी चार नवी पानं घेऊन येऊ लागला. ऑफिसच्या मागच्या पायऱ्यांवर चहाचे कप ठेवून आम्ही भांडायचो. मी विशेषणं छाटायची, तो एखाददुसरं वाचवायला धडपडायचा. "हे राहू द्या ना. एकच आहे, लहान आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी ते ठेवायची आणि त्याच्यापुढचं काढायची. मला त्याच्या येण्याची वाट पाहायची सवय लागत होती, आणि त्याचाही मला राग येत होता. हा माणूस माझ्या वडिलांच्या संध्याकाळी वापरून आला होता, आणि आता माझ्या दुपारीही घेत होता.

एकदा त्याने लिहून आणलं होतं ते त्याचंच होतं. एका आजींच्या चष्म्यात त्याच्या हातून डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली. आजी तीन आठवडे जिन्यात भिंत धरून चालत होत्या. तक्रार करायला आल्याच नाहीत. त्यांना वाटलं, वय झालं, असंच व्हायचं. जुनं कार्ड चाळताना चूक याच्या ध्यानात आली.

"गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं," तो म्हणाला. "त्यांनासुद्धा नाही. पण कड लागली होती ना. गेलो घरी आणि सांगितलं."

"मग? गळ्यात पडल्या?"

"दार लावून घेतलं तोंडावर. त्यात माझं बोट सापडलं." त्याने बोट पुढे केलं. नख अजून जरा काळपट होतं. मी ते पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं…

"तुम्ही सांगितलंत, तुमचं तुम्ही," मी म्हणाले. "तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. फरक आहे."

त्याने नजर खाली वळवली. कपात पाहत राहिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की त्याला सगळं माहीत आहे.

शेवटचं पान द्यायला त्याने मला दुकानात बोलावलं. छोटं दुकान, भिंतभर चष्मे, सगळे रिकाम्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होते.

"आधी तो वाकडेपणा काढू," तो म्हणाला. "महिना होऊन गेला, मला झोप नाही."

मी चष्मा काढून दिला. चष्म्याशिवाय मला समोरचं माणूस नुसतं रंगाच्या डागासारखं दिसतं. तो डाग गरम हवेच्या यंत्रावर चष्म्याची काडी धरून उभा होता. मग जवळ आला. त्याने चष्मा माझ्या नाकावर ठेवला, कानामागे बोटाने काडी बसवली, एकदा, पुन्हा एकदा. काडी अजून ऊबदार होती. तो स्पष्ट झाला तेव्हा फार जवळ होता, आणि श्वास रोखून माझ्या भुवयांची पातळी बघत होता.

"टोचतंय?"

"नाही."

"मग अशा का बघताय?"

"बघायलाच दिलाय ना चष्मा."

तो हसला, आणि मग एकदम गंभीर होऊन त्याने पान पुढे केलं. "हे सरांचे शब्द आहेत. माझं एकही विशेषण नाही."

मी उभ्यानेच वाचलं.

'माझ्या मुलीचं मी एकदा फार नुकसान केलं. सामना गेला, ते नुकसान नव्हे. कड लागलेली तिला माझ्याआधी दिसली असणार, ती जवळ होती. मी तीन सेकंद थांबायला हवं होतं. तिने हात वर केला असता. मी घाईने माझा केला, आणि चारचौघांत तिला खोटं पाडलं. तिचं खरेपण तिच्या हातून हिसकावलं. त्या दिवसापासून मी कुणाचीही कड सांगत नाही. मला दिसली तरी थांबतो.'

"खरंच थांबायचे," तो हळूच म्हणाला. "नुसते बघत बसायचे. आम्हालाच घाम फुटायचा."

माझे कान तापले होते. "हे त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"दोन वर्षांपूर्वी."

"मला का नाही? मी एकाच घरात होते. एकाच टेबलावर जेवत होते."

"टेबलापाशी सांगायचं होतं, पण हॉलच्या. तुम्ही एक गेम खेळायला आलात की सांगेन, म्हणायचे. विचारायचे ना दर वेळी?"

 बोलले असते तर भिंतीवरचा एखादा चष्मा फोडला असता.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "ते पानात नाही. मी तेव्हापासून… तुम्हाला न पाहताच तुमचा विचार करायचो. जिला तीन सेकंद मिळाले नाहीत ती मुलगी. वाटायचं, हिला कुणीतरी सांगायला हवं की आम्हाला माहितीये, तू खरी होतीस. आणि मग तुम्ही दारात आडव्या आलात. आता विचार केल्याशिवाय दिवस जात नाही. मला तुम्ही आवडता. फार."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं सांगत होतं, आणि मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

"हे पान छापायचं नाही," मी म्हणाले.

"का? खोटं आहे?"

"छापायचं नाही, सांगितलं ना."

रस्त्यावर मी इतक्या जोरात चालत होते की समोरची माणसं आपणहून बाजूला होत होती. घरी आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाबांचे शर्ट अजून त्याच थप्पीत.

"त्यांना वाटत होतं, त्यांचं चुकलं," मी दारातूनच म्हणाले. "तुला माहीत होतं?"

आईने घडी मोडून पुन्हा घातली. "त्याला काय वाटायचं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. तू बोलली नाहीस, तो बोलला नाही. दोघांच्या मधे मी चौदा वर्षं वाढत बसले. भाजी हवी का, पोळी हवी का. तुमच्यासारखी हट्टी माणसं मी पाहिली नाहीत."

"आई, तो बॉल…"

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. ज्याला कळतं त्याला सांग."

तिने बाबांचा शर्ट माझ्या हातात दिला. मी त्याची घडी घातली. बाह्या नीट जुळेनात. चौदा वर्षं मी रागावले होते, आणि तो राग मला उपयोगी पडत होता. तो होता तोवर मला दुसरं काही पाहायला लागत नव्हतं. आता एक चांगला माणूस त्याच पानावरून माझ्या प्रेमात पडला होता. मी गप्प बसले असते, तर पुस्तिका छापली गेली असती, बाबा हळहळणारे राहिले असते, मी खरी राहिले असते, आणि तो माझा झाला असता. कुणालाच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून अकराला दुकानात गेले. आत खुर्चीत एक धिप्पाड ट्रकचालक बसला होता, नाकावर नंबर तपासायची ती जड गोल फ्रेम, दोन्ही बाजूंना काचा लावलेली. चष्मेवाल्याने मला पाहिलं आणि हातातली काच जागच्या जागी धरून ठेवली.

"तुमच्या त्या पानात चूक आहे," मी म्हणाले.

"मी येतो बाहेर. दोन मिनिटं…"

"नाही. आत्ता. नाहीतर मी परत जाईन आणि पुन्हा येणार नाही."

"बोला बाई तुम्ही," ट्रकचालक म्हणाला. "मला आत्ता समोरची भिंतसुद्धा दिसत नाहीये."

मी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. आवाज कसा निघेल याची खात्री नव्हती, पण निघाला. रागाचाच होता, फक्त यावेळी तो दुसऱ्या कुणावर नव्हता.

"बाजूला लागलेला बॉल खाली जातो. वरच्या कडेला लागलेला उडतो. तो उडाला होता. माझ्या कोपरापाशी येऊन वर उडाला. मला दिसला. नीट दिसला."

त्याने काच टेबलावर ठेवली. "माहितीये. तेच तर सर म्हणाले, तुम्हाला दिसला असणार. तुम्हाला वेळच…"

"वेळ होता. बाबांनी हात वर केला तेव्हा मी टेबलापाशी नव्हतेच. रॅकेट ठेवून, टेबलाला वळसा घालून त्या मुलीशी हात मिळवायला पोचले होते. मोजा किती लागतात ते. तीन सेकंद कधीच होऊन गेले होते. ते थांबले होते. मला पुरेसा वेळ देऊन थांबले होते, आणि नंतर जन्मभर स्वतःला सांगत राहिले की थांबलो नाही."

"सरांच्या लक्षात आलं नसेल?"

"सहा टेबलांवरचे बॉल एकदम दिसायचे त्यांना. आपली मुलगी हात मिळवायला निघालेली दिसली नसेल? दिसली. पण मी खोटी होते यापेक्षा आपण घाईचे होतो हे त्यांना परवडलं. आणि मी त्यांना ते परवडू दिलं. एकदाही म्हणाले नाही…" 

पुढचं त्याच्याकडे बघून बोलता येईना. मी भिंतीवरच्या चष्म्यांकडे पाहिलं.

"मी सांगणार नव्हते, बाबा. तुम्ही तीन मिनिटं थांबला असतात तरी सांगणार नव्हते. मला जिंकायचं होतं."

 ट्रकचालक हात मांडीवर ठेवून, शाळेत बसावं तसा ताठ बसला होता. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरून काय जातंय ते मला वाचता येत नव्हतं. आयुष्यभर वाचत आलेय मी, पण ते वाचता आलं नाही.

"ज्या मुलीचा तुम्ही दोन वर्षं विचार केलात ती नव्हतीच कधी," मी म्हणाले. "होती ती ही, तुमच्यासमोरची. पान दुरुस्त करून छापा. मग काय ते ठरवा, मी काही म्हणणार नाही."

"तुम्ही हे मला का सांगितलंत?" त्याने विचारलं. अगदी हळू. "छापू नका म्हणाला होतात, मी छापणार नव्हतो. तेवढ्यावर भागलं असतं."

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. तो काढून घेतला.

"कारण मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "आणि हेही मी सांगणार नव्हते."